आवाज येतोय? ओके.

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.५०

आजपासून रोजनिशी. वही मेहुण्याने दिलेली, त्याच्या विमा कंपनीची. जानेवारी ते ऑगस्टची पानं कोरी आहेत. हरकत नाही. निश्चय नवा आहे. रोज लिहायचं, नेमकं लिहायचं, आकडे जास्त आणि भावना कमी.

विसर्जन पार पडलं. दीड दिवस अख्खं पुणे मोबाइल कानाला लावून 'कुठे आहेस, काही ऐकू येत नाही' असं ओरडत होतं आणि आमच्या कंपनीचं नेटवर्क एकदाही झोपलं नाही. श्रेय कोणाचं, हे मी माझ्या तोंडाने बोलणार नाही. ट्रॅफिक मेझरमेंटचा सीनियर मॅनेजर मी आहे, एवढंच. मिरवणुकीच्या भागातले जादा कॉल शेजारच्या टॉवरवर ढकलायचं काम प्रियदर्शनीने केलं, दोन्ही दिवस ऑफिसात बसून. पण तिला दर वीस मिनिटांनी फोन करून आवाज येतोय का, हे कोण विचारत होतं?

८.३५

लाइन चेक पूर्ण. ५२ कॉल, ३१ उचलले गेले, सरासरी ११ सेकंद.

ही सवय एक्स्चेंजमधली. १९९६ साली अकोल्याला सरकारी टेलिफोनमध्ये लागलो, तेव्हा साहेबांनी सांगितलं होतं की सकाळी टेस्ट कॉल करून लाइन तपासल्याशिवाय चहा प्यायचा नाही. पुढे ती नोकरी सोडली, पुण्यात आलो, खासगी कंपनीत लागलो. टेस्ट कॉल सोडले नाहीत. आता यंत्र सगळं मोजतं, पण यंत्राला आपली माणसं कुठे आहेत? मला आहेत. रोज साडेसात ते साडेआठ, नातेवाईक, मित्र, जुने सहकारी, विहारातली मंडळी. 'हॅलो. आवाज येतोय? ओके.' बस. कोणाचा वेळ घेत नाही. बावन्न माणसांशी रोजचा संपर्क आहे असा दुसरा माणूस नारायण पेठेत दाखवावा. एकोणतीस वर्षांत एकाचीही तक्रार नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

मोठी बातमी. शुभंकरने मीटिंग घेतली. (शुभंकर माझा बॉस, वय ३६. बारा-तेरा वर्षांपूर्वी याला अरलँग मीच शिकवला: एक लाइन तासभर सलग बिझी राहिली की एक अरलँग. तेव्हा वहीत लिहून घ्यायचा. आता मी बोलत असलो की तो मोबाइल बघतो. मोठा झाला.)

नकोशा कॉल्समुळे नेटवर्क तुंबतंय आणि ग्राहक शिव्या देतायत, म्हणून नवी सिस्टिम येतेय. नाव 'द्वारपाल'. ती प्रत्येक नंबरच्या कॉलचा पॅटर्न मोजणार आणि शंभरपैकी गुण देणार. सत्तरच्या वर गुण गेले की समोरच्याच्या स्क्रीनवर लाल पट्टी: 'नकोसा कॉल'. नव्वदच्या वर गेले की समोरच्याची रिंगच वाजणार नाही. फोन करणाऱ्याला मात्र रिंग वाजतेय असंच ऐकू येणार. बसा वाजवत.

गुण कशावरून द्यायचे, हे नियम लिहायला अनुभवी माणूस हवा. शुभंकर म्हणाला, तायडेसर, तुम्ही लिहा, तेवढाच तुमचा वेळ जाईल. नव्या विभागाचा हेड कोण, ते मुंबईचे व्हीपी ऑक्टोबरात ठरवतील. हे म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं. समजायचं ते मी समजलो.

घरी येऊन शर्मिलाला सांगितलं. ती म्हणाली, छान, आता भाजी आणा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नियम तयार. एका बैठकीत लिहिले. जो नंबर रोज ठरावीक वेळेला एकापाठोपाठ एक फोन लावतो, ज्याचं बोलणं वीस सेकंदांत आटोपतं, ज्याचे निम्मे फोन लोक उचलत नाहीत आणि ज्याला उलट फोन सहसा कोणी करत नाही, त्या नंबरच्या मागे माणूस नसतो, उपद्रव असतो. हे शेवटचं वाक्य शुभंकरने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. टीम खूप हसली. लिखाणात जान असली की असं होतं.

प्रियदर्शनी हसली नाही. (वय २८, आकड्यांत हुशार, पण अनुभव नाही.) तिचं म्हणणं, स्टाफच्या नंबरना सूट ठेवू या, आणि ज्याचं नाव समोरच्याच्या फोनमध्ये सेव्ह आहे त्यालाही. मी दोन्ही गोष्टींना नकार दिला. कायदा सगळ्यांना सारखा. आणि नाव सेव्ह केलंय म्हणजे त्याचं ऐकायची तयारी आहे असं थोडंच असतं? माझ्या मेहुण्याचं नाव माझ्या फोनमध्ये सेव्ह आहे, ते कोणाचा फोन आहे हे कळून न उचलता यावा म्हणूनच.

मग ती म्हणाली, सर, निदान एकदा स्वतःचा नंबर टाकून बघा ना. मी सांगितलं, डॉक्टर स्वतःला इंजेक्शन टोचून बघत नाही.

'एकालाही अपवाद नाही' या कलमाखाली सही केली. लफ्फेदार आली.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी अकरा वाजता आईचा फोन. ती दर रविवारी अकराला लावते. उचलला नाही, कारण आकडे बघत होतो आणि तिची लाइन सकाळी ७.४२ ला चेक केलेलीच होती. नऊ सेकंद, आवाज क्लिअर. तिला 'काहून रे बाबू, जेवला का' इतकंच विचारायचं असतं, आणि सकाळी ७.४२ ला कोणी जेवत नाही हे मी तिला अनेकदा सांगितलंय. वय ८१, अकोल्यात एकटी राहते. पुण्याला ये म्हटलं तर म्हणते, तिथं बोलाले कोण हाये?

शर्मिला आणि तिची बहीण यांचं आजचं बोलणं मोजलं. दुपारी दोन ते तीन. ०.८ अरलँग. निष्पन्न काय? काहीही नाही. माझे बावन्न कॉल मिळून ०.१६.

निश्चय: शर्मिलाला हे आकडे हळूहळू समजावून सांगायचे.

१५ सप्टेंबर, सोमवार

समजावून सांगितले. ती आज बहिणीकडे राहायला गेली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

रोहनच्या भागात कव्हरेजला भोक आहे. रोहन म्हणजे आमचा मुलगा, आयटीत आहे, हडपसरला माझ्या ऑफिसपासून दोन किलोमीटरवर राहतो. मार्चपासून त्याच्या नंबरवर एक रिंग होते आणि बिझी लागतो. रोज. मी फील्डच्या लोकांना गाडी, अँटेना, लॅपटॉप देऊन त्याच्या सोसायटीत पाठवलं. चार तास मोजणी झाली. रिपोर्ट: पार्किंगपासून गच्चीपर्यंत सिग्नल पूर्ण.

माझा विश्वास बसला नाही. टॉवरची अँटेना दोन अंश खाली वाकवायला लावली. त्यावर शेजारच्या सोसायटीतल्या शंभर जणांचे फोन बंद पडले, ते वेगळं. प्रियदर्शनी हळूच म्हणाली, सर, एक रिंग आणि मग बिझी असं साधारण ब्लॉक केल्यावर होतं. लहान आहे. बापलेकाचं नातं तिला अजून कळायचंय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

द्वारपालची चाचणी पेठांच्या भागात सुरू झाली. (माझं सिम कंपनीचं, हडपसरच्या पत्त्यावरचं, म्हणून चाचणीत नाही.) पहिल्याच दिवशी १८३ नंबर पकडले. प्लॉट विकणारे, क्लासवाले, गुडघेदुखीच्या तेलवाले. आणि एक मालनबाई.

मालनबाई कसब्यात राहतात. संध्याकाळचा पोळीभाजीचा डबा आमच्याकडे त्यांचाच येतो. चाळीसेक घरं आहेत. जिना चढायचा नाही म्हणून खालून फोन करतात, 'डबा आलाय,' आठ सेकंद, की पुढचं घर. पॅटर्न तंतोतंत. ९१ गुण.

लोकांचे फोन वाजेनात. बाई दारोदार खाली उभ्या राहून फोन लावत बसल्या आणि डबे परत नेले. शर्मिला बहिणीकडून फोन करून म्हणाली, तिच्या पोटावर पाय देऊ नका, साधं बटण दाबून काढून टाका की त्यांचं नाव. मी तिला सिस्टिम समजावली. सिस्टिम पोट बघत नाही, पॅटर्न बघते. आज कणव दाखवली तर उद्या तेलवाला रडत येईल.

२० सप्टेंबर, शनिवार

शुभंकर म्हणतो, चुकून पकडल्या गेलेल्यांना दाद मागायची सोय पाहिजे. ठीक. तीही मीच आखली. ज्याला दाद मागायची त्याने आपलं नाव रेकॉर्ड करायचं. मग सिस्टिम त्याने शेवटी फोन केलेल्या चाळीस जणांना आपणहून फोन करणार. बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज विचारणार: अमुक अमुक यांना आपण ओळखता का? ओळखत असाल तर एक दाबा, नसाल तर दोन. किमान तीन जणांनी एक दाबलं की नंबर मोकळा. चाळिसांत तीन. इतकी सोपी परीक्षा मी जन्मात काढली नव्हती.

तिसरं बटण ही माझी स्वतःची कल्पना. मेहुण्यावरून सुचली. 'ओळखत असाल, पण फोन नको असेल, तर तीन दाबा.' शुभंकर खुर्चीत मागे रेलून म्हणाला, सर, तुम्ही ग्रेट आहात.

प्रियदर्शनीने एक भर घातली. माणसाने बटण दाबलं नाही तर आवाजाने फोन ठेवायचा नाही. थोड्या थोड्या वेळाने 'मी ऐकते आहे' म्हणत थांबायचं. म्हातारी माणसं बटण शोधायला वेळ घेतात, असं तिचं म्हणणं. मी सांगितलं की याने लाइन उगाच अडते. मशीनने ऐकायचं नाटक कशाला करायचं? पण तिने डोळे मोठे केले, म्हणून मोठ्या मनाने सोडून दिलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

मालनबाईंनी दाद मागितली. सिस्टिमचा फोन मलाही आला, त्यांच्या यादीत मी आहे. बाईचा आवाज गोड निवडलाय. 'मालन ढवळे यांना आपण ओळखता का?'

निकाल: ३८ जणांनी एक दाबलं. एकाने उचलला नाही. एकाने तीन.

तीन मी दाबलं. तिसरं बटण चालतं की नाही, हे कोणीतरी तपासायला नको का? उत्तम चालतं.

अडतीस! पोळीभाजीचा मोह, दुसरं काय. तासाभरात नंबर मोकळा झाला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

डबा आला नाही. फोन केला. मालनबाई म्हणाल्या, तुम्हाला नको आहे ना, मशिनीत तसंच आलंय. आणि ठेवला. सहा सेकंद. आवाज क्लिअर.

शर्मिला परत आली. झालेला प्रकार तिला इमारतीतल्या बायकांकडून आधीच कळला होता. पोळ्या कोण करणार यावर थोडी चर्चा झाली. मी केल्या.

२९ सप्टेंबर, सोमवार

द्वारपाल सगळ्या शहरात सुरू. शुभंकरने केक कापला. मला सुरी धरू दिली. फोटोत माझा हात आलाय.

आज लाइन चेकमध्ये ५२ पैकी ९ उचलले गेले. नवरात्र आहे, लोक लवकर उठून देवळात जात असणार. आमच्या विहारातली मंडळी देवळात जात नाहीत, पण त्यांचेही लागले नाहीत. त्यांची कारणं त्यांची असतील.

३० सप्टेंबर, मंगळवार

शर्मिला म्हणाली, तुमचं नाव माझ्या फोनवर लाल येतं. मी हॉलमधून स्वयंपाकघरात टेस्ट कॉल केला होता. मी म्हटलं, असणार; स्टाफचे नंबर वेगळ्या रंगात दाखवायचं कधीतरी ठरत होतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, असेल, असेल.

खूप दिवसांनी तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी काहीतरी दिसलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. बावन्नवर थांबायचं नाही असं ठरवलं. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत २१२ फोन. 'जय भीम. शुभेच्छा. आवाज येतोय? ओके.' उचलले गेले १७. सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले असणार आणि तिथे गर्दीत रिंग ऐकू येत नाही. सायंकाळी विहारात गेलो तर बरेचसे तिथेच होते. मी जवळ गेलो तसे सगळे खिसे चाचपून फोन बघायला लागले आणि एकदम हसले. सणाचं वातावरण असतं, माणसं खुशीत असतात.

आईचा फोन आला होता. मी दुसऱ्या कॉलवर होतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

उद्या! व्हीपींच्या सेक्रेटरीचा मेल: उद्या सकाळी अकरा ते साडेअकरा साहेब तुमच्या फोनची वाट बघतील, तुम्ही लावा. मुलाखत फोनवर. नंतर प्रियदर्शनीची. तिला अनुभव मिळावा म्हणून ठेवली असेल.

भाषण तयार. सुरुवात 'साहेब, मी माणसं जोडणारा माणूस आहे' अशी. आरशासमोर चार वेळा म्हटलं. शर्मिला म्हणाली, ऑफिसच्या लँडलाइनवरून लावा हो, ऐका माझं. का, तर म्हणे उगाच. मी म्हटलं, माझा नंबर हीच माझी ओळख आहे. त्यावर ती खरकटं काढायला लागली.

निश्चय: हेड झाल्यावर केबिनमध्ये लँडलाइन ठेवायचीच नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

११.००. लावला. पूर्ण रिंग. उचलला नाही.

११.०३. पूर्ण रिंग.

११.०५, ११.०६, ११.०८. पूर्ण रिंग. लाइन उत्कृष्ट आहे.

११.३०. एकूण चौदा वेळा. साहेब माझी चिकाटी तपासतायत. जुनी पद्धत आहे, आमच्या एक्स्चेंजचे साहेबही अर्ज दाखल करून घ्यायच्या आधी दोनदा परत पाठवायचे.

११.३५. प्रियदर्शनीने आत जाऊन फोन लावला. काचेतून दिसलं, पहिल्या रिंगला उचलला. पंचवीस मिनिटं बोलत होती. किती ट्रॅफिक अडवायचा एका माणसाने?

१२.२०. सेक्रेटरीचा मेल. 'उमेदवाराने नेमून दिलेल्या वेळेत संपर्क साधला नाही.' मी उत्तरात चौदा कॉलच्या वेळा सेकंदांसह पाठवल्या. त्यांचं उत्तर: साहेबांच्या फोनवर आपला एकही कॉल आलेला नाही.

नेटवर्कमध्ये गंभीर बिघाड आहे. तक्रार मीच नोंदवली. ती माझ्याच टेबलावर आली.

८ ऑक्टोबर, बुधवार

प्रियदर्शनी हेड झाली.

माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, सर, एक दाखवायचंय. शहरातल्या नकोशा नंबरांची यादी होती, गुणांप्रमाणे. पुणे शहर, क्रमांक चार: माझा नंबर. ९८ गुण. मुलाखतीच्या आधी ९३ होते; अर्ध्या तासात चौदा वेळा एकच नंबर लावल्याने पाच वाढले.

वरचे तीन नंबर बघितले. तिन्ही प्लॉट विकणाऱ्यांची मशिनं आहेत. म्हणजे माणसांत मी पहिला.

ती म्हणाली, मी काढून टाकला असता हो सर, पण अपवाद नाही या कलमाखाली तुमची सही आहे, आणि ऑडिट आहे. तिला खरंच वाईट वाटत असावं, कारण माझ्याकडे बघत नव्हती. शुभंकरला भेटलो. तो म्हणाला, सर, दाद मागायची सोय तुम्हीच केलीय ना, आणि किती सोपी! मग त्याला एकदम खोकला आला. दार लावून घेतल्यावरही बराच वेळ खोकत होता. एकटाच नव्हता खोकत.

राग आला. कोणाचा, ते ठरवायचं आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दाद मागितली. नाव रेकॉर्ड केलं, 'अभय दशरथ तायडे', खणखणीत. चाळिसांत तीन हवेत. शर्मिला, रोहन, आई. झाले तीन. बाकीचे सदतीस वर शोभेला. अडतीसचा मालनबाईंचा उच्चांक मोडला जाणार, हे त्यांना कसं कळवावं याचा विचार करतोय.

सायंकाळी ६.१० ला स्वयंपाकघरात शर्मिलाचा फोन वाजला. बाईचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला: 'अभय दशरथ तायडे यांना आपण...' आणि टुंग. बटण दाबल्याचा आवाज. वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही तिने. इतकी खात्री! लग्नाला एकतीस वर्षं झाली, ती काही उगाच नाहीत. डोळ्यांत पाणी आलं. (भावना कमी लिहायच्या हे ठरलंय, पण ही नोंद हवी.)

११ ऑक्टोबर, शनिवार

निकाल. गुप्ततेसाठी नंबरांचे फक्त शेवटचे तीन आकडे दाखवायचे, हाही नियम माझाच. पण मला सगळ्यांचे नंबर पाठ आहेत. रोज लावतो.

उचलला नाही: ५.

ओळखत नाही: २. त्यातल्या एक मालनबाई; डब्यासाठी अजून रोज लावतो त्यांना.

ओळखतो: १. ते माझंच दुसरं सिम, रोज त्यावरही टेस्ट कॉल असतो. एकाच माणसाच्या नावावर, म्हणून बाद.

ओळखतो, पण फोन नको: ३१.

मेहुणा आहे त्यात. विहाराचे सेक्रेटरी आहेत. एक्स्चेंजमधले सगळे आहेत. रोहन आहे, त्याचा फोन सिस्टिमला पहिल्या रिंगला लागला, म्हणजे कव्हरेज ठीक आहे. आणि ४१७ आहे. ४१७ आमच्या स्वयंपाकघरातला.

शर्मिलाला विचारलं. ती पोळ्या लाटत होती, थांबली नाही. म्हणाली, हो, तीन दाबलं, खोटं कशाला दाबू. सकाळी साडेसातला शेजारच्या खोलीतून फोन करून आवाज येतोय का विचारता. येतो हो आवाज. एकतीस वर्षं नुसता आवाजच येतोय.

मी म्हटलं, तुला माहीत होतं ना नंबर लाल झालाय, मग मुलाखतीच्या आधी स्पष्ट का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं. तुम्ही ओके म्हणालात.

एक राहिला. अवैध: १. शेवटचे आकडे ०६२. आई. बटण दाबलंच नाही. कॉलचा कालावधी ११ मिनिटं ४० सेकंद.

काही कळेना. अकरा मिनिटं चाळीस सेकंद ती करत काय होती? बटणं शोधत होती? रेकॉर्डिंग ठेवलं जात नाही. जागा फुकट जाते म्हणून मीच नको म्हटलं होतं. तिला फोन लावला. पूर्ण रिंग. पुन्हा लावला. तेव्हा लक्षात आलं की ही रिंग फक्त मला ऐकू येते. खुर्चीवर बसून ती पूर्ण ऐकली, चार वेळा.

निश्चय: उद्या रविवार. अकरा वाजता आईचा येईल. उचलायचा.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.१०

आला. पहिल्या रिंगला उचलला. मी हॅलो म्हणायच्या आत आईने बोलायला सुरुवात केली. म्हणाली, बाबू, तुह्या हापिसातली पोरगी लय गुणाची हाये बाप्पा. तिनं फोन केला होता, अभयले ओळखता का म्हणे. मंग मी सांगतलं तिले सगळं. तू सातवीत टायफाइडनं पडला होता ते, तुह्या बाबानं सायकल इकून तुही फी भरली ते, माह्या गुडघ्याचं, मांजरीचं, समदं. तू फोन करतो अन् ओके म्हून ठेवून देतो, तेही सांगतलं. मधात एकडाव बोलली नाही ती. जरा थांबलं का लगेच म्हणे, मी ऐकते आहे. इतकं तर कोणी माहं ऐकलंच नाही रे आजवर.

मी म्हटलं, आई, ते मशीन होतं. ती म्हणाली, असं बोलू नये कोणाले.

मग विचारलं, तिचा फोन आता कवा येईन? मी म्हटलं, आता नाही येणार, पण मी आहे ना, मी ऐकतो, बोल तू. खरंच म्हटलं. वही बाजूला ठेवून म्हटलं.

आई म्हणाली, तू ठेव बाप्पा आता. तिचा आला तर लाइन बिझी लागन.

आणि तिने ठेवला. कालावधी २ मिनिटं ४ सेकंद. आवाज क्लिअर होता.